येते म्हणा

माझा आवाज चांगला आहे असं मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मुलींच्या शाळेत पहिलीचा वर्ग होता माझ्याकडे, तिथं आवाज चांगला असून भागत नाही, मोठा लागतो. निजामी राजवटीच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांत औरंगाबादेत सरकारी रेडिओचं एक लहानसं केंद्र होतं. कागदोपत्री त्याला ‘नश्रगाह’ म्हणत, गावात ‘रेडिओचा बंगला’. उस्मानपुऱ्याच्या पुढं, कडुनिंबांच्या गर्दीत. तिथं बायकांचा कार्यक्रम मराठीतून वाचायला कुणी तरी हवं होतं. शाळेच्या मोठ्या बाईंनी माझं नाव सुचवलं, कारण बाकीच्या जणींच्या सासरी ते खपलं नसतं. माझ्या सासरी म्हणजे एकट्या सासूबाई. त्यांनी एवढंच विचारलं, “तिथं पुरुषमाणसं तुला बघतेत का नुसतं ऐकतेत?” नुसतं ऐकतात म्हटल्यावर त्यांची काही हरकत राहिली नाही.

मी वाचायला लागले. दर शुक्रवारी, दुपार कलता कलता, अर्धा तास. एखादा पदार्थ, मुलांच्या तब्येतीविषयी दोन शब्द, शिवणकाम, आणि शेवटी निरोप. निरोप काय घ्यायचा हे कुणी लिहून दिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी तोंडातून आपोआप निघून गेलं, “बरं तर बायांनो, येते.” शेजारणीकडून उठताना म्हणतो तसं. ते लोकांना आवडलं. बाजारात बायका मला बघून हसत आणि म्हणत, “येते म्हणणाऱ्या बाई त्या ह्याच.”

केंद्राच्या मराठी विभागाचे जे साहेब होते ते हैदराबाद शहरातले, उर्दूत वाढलेले. मराठी त्यांनी व्याकरणाच्या पुस्तकातून शिकली होती, त्यामुळे ती माझ्यापेक्षा शुद्ध होती. माझ्या हस्तलिखितातले ऱ्हस्व-दीर्घ ते लाल पेन्सिलीनं सुधारत आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई. माणूस मात्र सोन्यासारखा. बाईमाणूस खोलीत आलं की उभे राहत. त्यांच्याजवळ एक हिरव्या पुठ्ठ्याची वही असे, तीत ते पुस्तकात नसलेले मराठी शब्द टिपून ठेवत. आम्ही बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. दिवा विझव म्हणत नाही, मालव म्हणतो. याची त्यांना फार मौज वाटे. “तुम लोगां सब उल्टा बोलते, बाई,” असं म्हणून ते लहान मुलासारखे हसत, आणि वहीत लिहीत.

माझे यजमान एका वकिलाकडे कारकून होते. माणूस तसा भित्रा. पाल पाहिली की खाटेवर चढणारा. पण त्या वर्षी भल्याभल्यांच्या अंगात वारं शिरलं होतं, तसं यांच्याही शिरलं. कुठल्याशा सभेत यांनी निजामाविरुद्धचं एक पत्रक मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पंधरा दिवसांत यांच्या नावाचं वॉरंट निघालं. चैत्रात एका सकाळी हे निघाले. बिडकीनच्या बाजूला आत्याकडे जातो असं गल्लीत सांगितलं आणि गेले मनमाडकडे, हद्दीपलीकडच्या, राजवटीविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावणीत. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. ती अंगणात खेळत होती. तिला यांनी बिडकीनहून गुळाची ढेप आणतो म्हणून सांगितलं.

निघण्याआधी स्वयंपाकघरात यांनी मला एक गोष्ट सांगितली. पत्रं उघडली जात होती, माणसाबरोबर निरोप धाडणंही धोक्याचं. पण छावणीत रेडिओ होता, आणि आमचं औरंगाबाद तिथं खरखरत का होईना लागत होतं. तिकडची मंडळी ते हसायला म्हणून लावत.

“शेवटी तू ‘येते’ म्हणतेस ना,” हे म्हणाले, “ते ऐकलं की मी समजेन, घरी ठीक आहे. आणि अगदीच काही तसं झालं, तर ‘जाते’ म्हण. मी ऐकल्या पावली निघेन.”

“आणि वाटेत धरलं तर?”

“धरलं तर धरलं. तू म्हण फक्त.”

मग स्वतःच्याच हुशारीवर खूश होऊन हसले. मराठी बाई निघताना चुकूनसुद्धा ‘जाते’ म्हणायची नाही, तेव्हा घोटाळ्याला जागा नाही. आणि साहेब लोकांना येते काय नि जाते काय, कोण बघतंय. मला ते पटलं. इतकं सोपं होतं की पटण्यासारखंच होतं. दारातून बाहेर पडताना हे मोठ्यानं “येतो” म्हणाले आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. त्या डोळे मिचकावण्याचा मला पुढं फार राग आला.

तिसऱ्या-चौथ्या शुक्रवारी साहेबांनी माझ्या हस्तलिखितातल्या ‘येते’वर लाल रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘जाते’.

साहेबांनी समजावून सांगितलं. कार्यक्रम संपतो, तुम्ही इथून निघता, मग ‘येते’ कसं? क्रिया जाण्याची आहे. इतके दिवस त्यांनी चालवून घेतलं, पण वर हैदराबादेत कागद जातात, तिथं कुणी विचारलं तर चूक त्यांची ठरेल. “तुम जा रहे ना, बाई? फिर ‘येते’ काइकू?”

मी त्या दिवशी जन्मात बोलले नसेन इतकी बोलले. मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही. ‘जातो’ म्हणजे कायमचं जाणं. तसं कुणी चुकून म्हणालं तर घरातली म्हातारी माणसं त्याला थांबवतात, परत बसवतात, पाणी देतात आणि सांगतात, येतो म्हण. मग तो येतो म्हणतो आणि मगच पायरी उतरतो. रेडिओवर मी ‘जाते’ म्हटलं, तर ऐकणाऱ्या हजार घरांत अपशकून होईल, लोक तुमच्या नावानं बोटं मोडतील. असं मी तावातावानं सांगत होते आणि साहेबांचे डोळे चमकत होते. त्यांनी हिरवी वही काढली. ‘उलटे शब्द’ असं मथळा असलेलं पान होतं, त्यावर त्यांनी सगळं उतरवून घेतलं. म्हातारी माणसं थांबवतात तेही, आणि पाणी देतात तेही. मग स्वतःची लाल रेघ स्वतःच खोडली आणि मला म्हणाले, “माफ करना. बड़ी गलती हो जाती थी.”

मी जिंकले होते. टांग्यातून घरी येताना स्वतःवर इतकी खूश होते की वाटेत मुलीसाठी बत्तासे घेतले.

वैशाख-ज्येष्ठ असेच गेले. दर शुक्रवारी मी ‘येते’ म्हणत होते. मध्ये एकदा हद्दीपलीकडून आलेली एक बांगडीवाली दारात बसून सहज बोलल्यासारखं म्हणाली, “तुमच्या मालकानं सांगितलंय, ऐकू येतंय, झ्याक येतंय.” मी तिच्याकडून नको असलेल्या बांगड्या भरून घेतल्या.

आषाढात मुलीला ताप भरला. पहिले चार दिवस मी तो साधाच धरला. मग डॉक्टरांनी विषमज्वर सांगितला, म्हणजे एकवीस दिवस, आणि त्यावर औषध असं काही नाही, फक्त जपणं. बाजारात त्या दिवसांत मीठसुद्धा मिळत नव्हतं, हद्दीवर सगळं अडलं होतं. औषध असतं तरी आलं कुठून असतं? मी शाळेतून रजा घेतली. रेडिओवरचा शुक्रवार मात्र सोडला नाही. बाराव्या दिवशीही मी ‘येते’ म्हटलं, कारण डॉक्टर म्हणत होते की अजून काही बिघडलेलं नाही. विषमज्वराविषयी काय काय माहिती मिळते ते बघावं म्हणून मी साहेबांकडून उर्दूतली एक पुस्तिका मागून घेतली. ते म्हणाले, मग याच्यावरच एक भाषण तयार करा, पुढच्या शुक्रवारी वाचू, दिवस तापाचेच आहेत. घरी मुलगी आजारी आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. मुलीचं सांगितलं की तिचा बाप कुठं आहे हे आलंच.

तो शुक्रवार एकोणिसावा दिवस होता. उजाडताच डॉक्टर येऊन गेले. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी राहायचे, वयस्कर होते, उगाच धीर देणारे नव्हते. त्यांनी पोटावर हात ठेवून बघितलं, पापणी उघडून बघितली, आणि बाहेर ओट्यावर येऊन मला म्हणाले, “आता ती मागेल ते द्या. दोन दिवस, फार तर तीन.”

ती काय मागत होती ते त्यांना माहीत नव्हतं. आदल्या दिवसापासून तिनं एकच धरलं होतं. बाबा गूळ घेऊन कधी येणार?

त्या दिवशी मला सकाळपासूनच रेडिओवर जायचं होतं. शेतकऱ्यांचा कार्यक्रम वाचणारे गृहस्थ सुट्टी म्हणून गावी गेले ते परतलेच नव्हते, मुलांच्या कार्यक्रमाच्या बाई आधीच पुण्याला भावाकडे गेल्या होत्या. मराठी बोलणारं माणूस एकेक करून गळत चाललं होतं. साहेबांनी मला विनवलं होतं की शुक्रवारचा सबंध दिवस तुम्ही सांभाळा. मी सकाळी आले नाही तर म्हणून दुसऱ्या शाळेतल्या एका बाईंना बोलावून ठेवलं होतं, त्या सगळा दिवस वाचणार होत्या. म्हणजे मी सकाळी गेले नाही तर दुपारी माझ्यासमोर माइक नव्हता. आणि माइक नव्हता तर ‘जाते’ म्हणायला दुसरी जागा नव्हती.

मी लुगडं बदलायला लागले तेव्हा सासूबाई दारात आडव्या झाल्या.

“लेकरू असं पडलंय आन तू रेडिओत बोलाया निघालीस? अगं, तुला काही वाटतंय का नाय?”

“त्यांना बोलवायला चालले,” मी म्हटलं.

त्यांचा एकुलता एक मुलगा. वाटेत हद्दीवर काय चालतं ते त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी दार सोडलं, पण जा असंही म्हणाल्या नाहीत. मी मुलीच्या कपाळावरची पट्टी बदलली. तिनं डोळे उघडले, मी “येते हं” म्हटलं, आणि निघाले.

सकाळची सुरुवात कुराणपठणानं होई, मग बातम्या. उर्दूतल्या बातम्या झाल्या की त्यांचं मराठी भाषांतर मी वाचायचं. पहिलं वाक्य ठरलेलं असे, राज्यात सर्वत्र शांतता आहे. त्या दिवशीही सर्वत्र शांतता होती. आमच्या गल्लीतली तीन घरं कुलपं लावून गेली होती, तिथं तर खरोखरच शांतता होती. मी वाचलं. त्यानंतर हवामान, मग कापसावरच्या बोंडअळीविषयी कुणा अधिकाऱ्याचं भाषण. अधिकारी आले नव्हते, ते मीच वाचलं. बोंडअळी म्हणजे काय हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मध्ये दोन तास केंद्र बंद असे. घरी जाऊन यावं म्हणून मी फाटकापर्यंत गेले. फाटकावर बंदूकवाला शिपाई नवीन बसला होता. बाहेर गेलात तर पास पुन्हा करावा लागेल, म्हणाला, आणि पास करणारा माणूस जुम्म्याच्या नमाजाला गेलेला. मी परत फिरले. बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसून राहिले, डबा न उघडता.

दुपारी शाळांसाठी भूगोल. गोदावरी कुठून येते, कुठल्या कुठल्या जिल्ह्यांतून जाते. मग म्हाताऱ्या कोतवालांच्या आठवणी, त्या उर्दूत होत्या, तेवढा वेळ मी घड्याळाकडे बघत बसले. दुपारभर त्या एका बंगल्याच्या भिंतींतून इतकं बोललं गेलं, अळ्या, नद्या, चोर, मुलांची बडबडगीतं, आणि त्यातलं एक अक्षरही कुणाच्या कामाचं नव्हतं. मला एकच शब्द सांगायचा होता आणि त्याला संध्याकाळचे सव्वापाच वाजेपर्यंत जागा नव्हती. छावणीतला रेडिओ फक्त बायकांच्या कार्यक्रमापुरता लावत, बॅटरी जपायची म्हणून. आधी म्हटलं असतं तर ते कुणी ऐकलं नसतं.

बायकांचा कार्यक्रम पावणेपाचला सुरू झाला. खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून जाड लोकरी नमदे ठोकलेले होते, आत गुदमरायला व्हायचं. माइकसमोर एक लाल दिवा. तो लागला की आपला श्वासही बाहेर ऐकू जातो. माणसं कमी झाल्यानं साहेब स्वतः माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, बटणं तेच सांभाळत होते.

मी आधी अंबाडीच्या भाजीची कृती सांगितली. मीठ चवीपुरतं, असं वाचलं. मग विषमज्वर. ‘आयांनी घाबरून जाऊ नये. एकविसावा दिवस उलटला की बहुतेक मुलं सावरतात.’ ते भाषांतर मीच आठवड्यापूर्वी रात्रीचा स्वयंपाक होईपर्यंत चुलीशी बसून केलं होतं, आणि ‘बहुतेक’ हा शब्द मूळ पुस्तिकेत आहे की नाही ते दोनदा तपासलं होतं. होता. साहेबांनी हातानं खूण केली, जरा सावकाश. मी सावकाश वाचलं. पाणी उकळून गार करावं. रोग्याजवळ सतत कुणी तरी आपलं माणूस असावं.

मग मी कागद खाली ठेवला.

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. ‘जाते’ म्हटलं तर हे निघतील. पाल बघून खाटेवर चढणारे हे, हद्द ओलांडतील, आणि गल्लीच्या तोंडाशी पोहोचायच्या आत कुणी तरी धरेल. धरेल किंवा गोळी घालेल. पण तसं म्हटलं नाही तर मुलगी बापाला न बघता जाईल. मुलीचं मरण तर ठरलेलंच होतं, त्यात यांचंही घालायचं का एवढंच मला ठरवायचं होतं. आईला असं काही ठरवावं लागू नये.

मी म्हटलं, “बरं तर बायांनो, जाते.”

म्हटलं आणि डोळे मिटले. लाल दिवा मालवायची वाट बघत होते. पण तो मालवला नाही. डोळे उघडले तर साहेब बटणावरचा हात काढून माइककडे झुकले होते. चेहऱ्यावर ते लहान मुलाचं हसू. त्यांनी वहीत लिहिलेलं सगळं त्यांना आठवलं होतं. थांबवायचं असतं. परत बसवायचं असतं. टेबलावरचा पाण्याचा पेला त्यांनी माझ्याकडे सरकवला, आणि आपल्या स्वच्छ, शुद्ध मराठीत ते सगळ्या औरंगाबादेला म्हणाले:

“श्रोत्यांनी माफ करावं. बाई आज सकाळपासून वाचून थकल्या आहेत. आपल्या मराठीत असं म्हणत नाहीत. बाई, येते म्हणा.”

दिवा लाल होता. साहेब माझ्याकडे बघत होते. आणि मी म्हटलं, “येते.”

का म्हटलं याचा मी पुढं चाळीस वर्षं विचार केला. फाटकावरच्या बंदुकीला भिऊन म्हटलं असेल. कुणी मोठ्यानं ‘येते म्हण’ म्हटलं की म्हणायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलं होतं म्हणूनही असेल. आणि तिसरं एक कारण आहे, ते मी सासूबाई असेपर्यंत कुणाजवळ बोलले नाही. ‘येते’ म्हणताना मला बरं वाटलं. हे जगतील असं वाटलं. एका शब्दापुरतं मी मुलीला सोडून दिलं.

मग शेतकऱ्यांचा कार्यक्रम झाला. तोही मीच वाचला. कास्तकार भावांनो, असं म्हणून सुरुवात केली आणि शेवटी हस्तलिखितात रामराम होता तिथं मी पुन्हा ‘जाते’ म्हणाले. छावणीतला रेडिओ बंद झाला असणार हे माहीत असून म्हणाले. पण साहेबांनी तोवर बटण दाबलं होतं. दिवा गेला होता. ते काळजीनं माझ्याकडे बघत होते.

“तबियत ठीक नहीं क्या, बाई?”

मुलगी आजारी आहे, एवढं मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. “बोले क्यों नहीं? सुबह से बिठा के रखा मैं तुमकू!” त्यानंतर वाचायची मुलांची गोष्ट त्यांनी रद्द केली, माझ्यासाठी टांगा बोलावला, आणि माझ्याआधी त्यांच्या माणसानं घरी बर्फ पोहोचवला होता. त्या दिवसांत बर्फ मिळणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. सासूबाई तो गोणपाटात गुंडाळत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते मलाच कळलं नाही.

शनिवारी आणि रविवारी आम्ही दोघी दाराकडे कान लावून बसलो. तरीही. सासूबाई म्हणायच्या, “पावलं वाजायलीत बघ.” वाजत नव्हती. रविवारी दुपारी मुलीनं विचारलं, गूळ आला का? मी घरातल्याच गुळाचा खडा तिच्या ओठांना लावला आणि बाबांनी पाठवलाय म्हणून सांगितलं. तिनं तो चाटला नाही. सोमवारी सकाळी, बरोब्बर बाविसाव्या दिवशी, ती गेली. एकविसावा दिवस उलटला होता.

साहेब भेटायला आले. शेरवानीत होते, पांढऱ्या. ओट्यावर बसले, पाणी प्यायले नाहीत. त्यांना चार मुली होत्या, ते एवढंच दोनदा म्हणाले. मी त्यांच्याकडे बघत होते आणि त्यांचा राग यावा म्हणून वाट बघत होते. आला नाही. ज्यानं बर्फ पाठवला त्याच्यावर रागवायचं कसं? मग ते उठले, हात जोडले, आणि माझ्या दाराशी उभं राहून, मी शिकवलं होतं तसं, जपून म्हणाले, “येतो, बाई.”

सासूबाईंच्या घशातून कसलासा आवाज निघाला. दुःखाच्या घरून निघताना येतो म्हणत नाहीत. काही न बोलता उठून जायचं असतं. ते शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं होतं.

त्यानंतर मी रेडिओवर गेले नाही; साहेबांनी मला काढलं असं हे तिकडे समजून बसले, ते मला मागाहून कळलं. राजवट बदलली तेव्हा भाद्रपद होता. गावात मिरवणुका निघाल्या, रेडिओच्या बंगल्यावरचा शिपाई गेला, साहेबही हैदराबादला गेले. मग त्यांचं काय झालं ते कळलं नाही. पुढच्या आठवड्यात हे आले. दाढी वाढलेली, तब्येत सुधारलेली. काखेत कापडात गुंडाळलेली गुळाची ढेप. ओट्यावर सासूबाईंना बघून हसत हसत ओरडले, “गूळ आणलाय म्हणावं!”

सांगायचं काम माझ्यावर आलं.

ते ओट्यावर बसले, ढेप मांडीवरच होती. मग विचारलं, कधी. मी तिथी आणि वार सांगितला. त्यांनी बोटांवर मागं मोजलं, शुक्रवारपर्यंत.

“त्या शुक्रवारी,” हे म्हणाले, “तू ‘जाते’ म्हणालीस. मी ऐकलं. मी उठलो. चपला घातल्या, पंचा खांद्यावर टाकला. मग ते साहेब बोलले. सगळे हसायला लागले, म्हणाले, बघा, निजामाचा माणूस आपल्याला मराठी शिकवतोय. आणि मग तू ‘येते’ म्हणालीस. तुझ्या आवाजात. मीही हसलो. चपला काढल्या आणि चहा प्यायला बसलो.”

गूळ सासूबाईंनी फडताळात वर ठेवला. तिथंच त्याला पाणी सुटलं आणि पावसाळ्यानंतर टाकून दिला.

आम्ही पुढं चाळीस वर्षं संसार केला. दुसरं मूल झालं नाही. मी शाळेत शिकवत राहिले, रेडिओच्या बंगल्याकडच्या रस्त्यानं पुन्हा गेले नाही. हे रोज सकाळी कचेरीत जात. निघताना ‘येतो’ म्हणत नसत, ‘जातो’ही म्हणत नसत. ओट्यावर बसून चपला घालत, आणि घातल्यावर थोडा वेळ तसेच बसून राहत.